सळईपुढे उघडलेलं दार

दवाखान्याच्या काचेवर लोखंडी सळई आदळली आणि नर्सने धावत जाऊन दाराला कडी घातली. बाहेर एक ट्रकचालक ओरडत होता, "कुठाय ती डॉक्टरीण? माझ्या आईला मारलं तिनं!" त्याची आई सकाळीच इथे हृदयविकाराने गेली होती.

"वहिनी, बाहेर जाऊ नकोस. पोलीस येतायत," नर्सने आपल्या डॉक्टर वहिनीचा हात घट्ट धरला. रविवारी चर्चमध्ये याच वहिनीने मंडळीला शिकवलं होतं, की देवाकडचं शहाणपण वाद जिंकायला जात नाही, शांती करायला जातं. पण सळईपुढे?

वहिनीने हात सोडवून घेतला आणि दार उघडलं. सळई वर उठली. नर्सने डोळे मिटले. तिच्या ओठांवर प्रार्थनाही येईना.

"मी खूप प्रयत्न केले, दादा. नाही वाचवू शकले," वहिनी म्हणाली. "पण त्या एकट्या नव्हत्या. शेवटपर्यंत त्यांचा हात माझ्या हातात होता."

सळईचं टोक फरशीवर टेकल्याचा आवाज आला. मग त्याने विचारलं, "फार त्रास झाला का तिला?"

नर्सने भीतभीत डोळे उघडले. तो पायरीवर बसून रडत होता. सळई अजून मुठीतच होती, तरी वहिनी त्याच्या शेजारी जाऊन बसली.