मरीसा ठरवेपर्यंत

बायको लता गेल्याचं कुमारला हॉस्पिटलमधून कळलं, तो मार्चमधला मंगळवार होता. सकाळी साडेसातला तो कॅरी गावातल्या आपल्या घरी तिच्यासाठी मऊ भात डब्यात भरत होता. त्याच संध्याकाळी मरीसा कोलने करार संपल्याचं आणि आता कुठल्याही संघात जायला मोकळी असल्याचं जाहीर केलं. कुमारला ते पुष्कळ नंतर कळलं.

पाच आठवडे झाले तरी मरीसा काही ठरवेना. बास्केटबॉलमध्ये तिच्या तोडीची दुसरी खेळाडू नव्हती. शार्लट शहराचा संघ की डेन्व्हरचा, एवढंच ठरायचं होतं. दोन्ही संघ तिच्यासाठी जागा धरून बसले. डेन्व्हरने नवी माणसं घेणं थांबवलं. शार्लटने आपल्या दोन जुन्या खेळाडूंना ना सोडलं, ना ठेवलं. त्यातली एक आर्या, कुमारची मुलगी. तिला ऑस्ट्रेलियातल्या एका क्लबचं बोलावणं होतं. तिथला मोसम सुरूच होत होता, उत्तर शुक्रवारपर्यंत हवं होतं.

"एजंट म्हणतो, थांब," आर्या म्हणाली. "मरीसा डेन्व्हरला गेली तर माझी जागा पक्की."

"आणि नाही गेली तर?"

"तर मग… आय डोन्ट नो, बाबा."

कुमारला लताचं आजारपण आठवलं. एका मोठ्या डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळावी म्हणून तो आणि लता सात आठवडे थांबले होते.

गुरुवारी आर्या पळायला गेल्यावर त्याने लताचा फोन काढला. शार्लट संघाच्या मॅनेजर डायनाचा नंबर त्यात होता. लता दर मोसमात तिला चकल्या द्यायची.

"लता! किती दिवसांनी!" पलीकडून आवाज आला.

"मी तिचा नवरा बोलतोय. लता मार्चमध्ये गेली."



"आर्या काहीच बोलली नाही," डायना म्हणाली.

"मी जागा मागायला फोन केला नाही. खरं काय ते सांगा. थांबून काही होणार आहे?"

डायनाने एक श्वास घेतला. "मरीसा आली तर आर्याला जागा नाही. नाही आली, तरी तिच्यासाठी ठेवलेल्या पैशांत आम्ही आर्याच्याच जागी खेळणारी दुसरी गार्ड आणू. माझी मुलगी असती तर मी तिला पाठवलं असतं."

आर्या घामाघूम होऊन आली. कुमारने फोनचं सगळं सांगितलं तशी तिने बाटली ओट्यावर आपटली.

"तुम्ही डायनाला फोन केलात? ही काय शाळा आहे, प्रिन्सिपलला भेटायला? आणि आईचं सांगितलंत! मला कुणाची कीव नको होती, म्हणून मी कुणाला बोलले नव्हते!"

"कीव केली असती तर जागा दिली असती. तिने खरं सांगितलं."

आर्या खुर्चीत बसली. बुटाच्या नाड्या सोडता सोडता म्हणाली, "आईने फोन केला असता तर दोन चकल्या जास्त कबूल केल्या असत्या."

"मला त्या येत नाहीत."

"माहितीये."

तिने तिथेच बसून ऑस्ट्रेलियाला होकार कळवला. रविवारी कुमारने तिला विमानतळावर सोडलं. तिने मागे वळून पाहिलं नाही. तेच बरं, असं त्याला वाटलं.

मरीसाने अजून काही कळवलेलं नाही. दोन्ही संघ थांबलेलेच आहेत. लताचा फोन कंपनीला सांगून बंद करायचा होता, तेही अजून राहिलं आहे.