बिनखुणेच्या काचा

आमच्या कॉलेजात शरीररचनेच्या विभागात बाबा काचा करायचे. काचा म्हणजे ऊतींच्या स्लाइड. मेणात बसवलेल्या इवल्याशा तुकड्याचे यंत्रावर केसाहून पातळ काप काढायचे, ते कोमट पाण्यावर तरंगवायचे, काचेवर अलगद उचलून घ्यायचे आणि गुलाबी-जांभळा रंग द्यायचा. बावीस वर्षं हेच काम. त्यांच्या शर्टाला झायलीनचा, म्हणजे मेण विरघळवणाऱ्या रसायनाचा, उग्र वास यायचा, म्हणून आई ते कपडे वेगळे धुवायची. तो वास आज कुठे आला की मला अजून भरून येतं.

लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, माणसाच्या अंगात असतं तरी काय काय?

"माल चारच प्रकारचा," बाबा म्हणाले. "झाकणारा, धरून ठेवणारा, ओढणारा आणि निरोप पोचवणारा. बाकी सगळी यांचीच जुळवाजुळव."

पुढे पुस्तकात अभिस्तर, संयोजी, स्नायू आणि चेता ऊती अशी भारदस्त नावं भेटली, पण मला बाबांचीच बरी वाटायची.

मग मी त्याच कॉलेजात डॉक्टर व्हायला दाखल झाले. आमच्या वर्गाची हुशारी काय सांगू! परीक्षेला वर्षानुवर्षं त्याच चाळीस काचा यायच्या आणि प्रत्येकीची खूण वरच्या वर्गातल्या मुलांनी आम्हाला पढवून ठेवली होती. कोपरा तुटलेली काच म्हणजे टेंडन, स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. कडेला बुडबुडा असला तर चेतातंतू. लेबलवर शाईचा डाग म्हणजे आतड्याचा स्नायू. मायक्रोस्कोपला डोळा लावायचा तो फक्त परीक्षकाच्या समाधानासाठी.

परीक्षेच्या महिनाभर आधी जेवताना मी फुशारकी मारली. "बाबा, तुमच्या चाळीसच्या चाळीस काचा मला लांबून ओळखता येतात!"

"लांबून?" त्यांचा घास हातातच राहिला. "ते कसं?"

मी यादी घडाघडा म्हणून दाखवली. आईला हसू फुटलं. बाबा हसले नाहीत.

"आणि आत काय दिसतं?"

"गुलाबी गुलाबी काहीतरी."

ते जेवून उठले. त्यानंतर महिनाभर त्यांना घरी यायला उशीर व्हायचा. मी कशाला चौकशी करतेय, माझी यादी पाठ होती ना.

परीक्षेच्या दिवशी दहा टेबलं, दहा मायक्रोस्कोप आणि घंटा वाजली की पुढे सरकायचं. पहिल्याच टेबलावरच्या काचेकडे पाहिलं. काच नवी कोरी होती. चारी कोपरे शाबूत, लेबल पांढरंस्वच्छ, बुडबुडा नावाला नाही. दुसरीही तशीच, तिसरीही तशीच. सगळ्या वर्गाचे चेहरे पडले होते. बाबा दाराशी उभे राहून खिडकीबाहेर बघत होते.

सातव्या टेबलावर गुलाबी समांतर धागे होते, मधूनमधून जांभळे ठिपके. टेंडन की आतड्याचा स्नायू? नुसतं बघणाऱ्याला दोन्ही सारखेच. मी मनाचा हिय्या करून स्नायू लिहिलं. ते टेंडन होतं. मी एका गुणाने नापास झाले आणि सहा महिने मागे पडले. काचवाल्याची पोर काचेतच नापास, ही बातमी कँटीनपासून डीनच्या ऑफिसपर्यंत गेली.

"नव्या काचा करू का, असं विभागप्रमुख सरांना मीच विचारलं होतं," निकालाच्या संध्याकाळी बाबा म्हणाले. "तुला सांगितलं असतं तर बाकीच्या पोरांवर अन्याय झाला असता."

"आणि माझ्यावर झाला तो?" मी केवढ्यांदा तरी ओरडले.

एकोणीस दिवस मी त्यांच्याशी अबोला धरला. विसाव्या दिवशी नाक मुठीत धरून त्यांच्या विभागात गेले, कारण परीक्षा पुन्हा द्यायची होती आणि दुसऱ्या कोणाला तोंड दाखवायची हिंमत नव्हती. बाबांनी स्टूल पुढे सरकवलं आणि सातव्या टेबलावरची तीच काच लावून दिली.

"ठिपके बघ," ते म्हणाले. "स्नायूत ठिपका, म्हणजे केंद्रक, पेशीच्या पोटात आरामात बसलेला असतो. टेंडनमध्ये त्याला जागाच नाही. दोन धाग्यांच्या फटीत चेंगरून बसतो बिचारा."

मी डोळा लावला. एक मिनिट गेलं, पाच मिनिटं गेली, आणि मग ते दिसायला लागलं. एकेक धागा सुटा, एकेक ठिपका चेंगरलेला, पण कुठे चुणी नाही की चीर नाही. मला डोळा काढवेना.

"किती सुंदर कापलंत हो, बाबा," मी म्हटलं.

वर पाहिलं तर ते चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसत होते, पुसतच होते.

"बावीस वर्षांत हे मला कोणी म्हटलं नव्हतं," ते शेवटी म्हणाले.

मी त्यांच्याच घरात लहानाची मोठी झाले होते, आणि एवढं म्हणायला मला नापास व्हावं लागलं. दुसऱ्या खेपेला मी पास झाले. नापास झाल्याची लाज त्याच दिवशी गेली. हे आधी कधी न म्हटल्याची मात्र अजून आहे.