बावीस नंबरची खोली रिकामी आहे

बोट माझ्यासाठी आली होती. यादीत माझं नाव होतं: मालन, वय एकाहत्तर, एकटी, पहिला मजला, खोली एकवीस. लष्कराच्या जवानाने जिन्याच्या कठड्याला दोर बांधला आणि म्हणाला, "चलो माताजी."

"मी ठणठणीत आहे," मी म्हटलं. "बाजूच्या बावीसमध्ये चंपा आहे, तिला न्या. सोमवारचं डायलिसिस चुकलंय तिचं. आज बुधवार."

चंपाचे पाय खांबासारखे सुजले होते. आडवी केली की दम लागायचा, म्हणून भिंतीला टेकवून बसवली होती. नायगावच्या आमच्या गल्लीत छातीभर पाणी, गटारांची झाकणं उघडी. सकाळी चाळीतल्या चौघांनी तिला खुर्चीत घालून न्यायला पाहिलं. पुढचाच झाकण नसलेल्या गटारात गेला. त्याला ओढून काढला आणि सगळे परत फिरले.

जवानाने कागद पाहिला. "बाईस नंबर खाली है. और बीमार को डॉक्टर के बिना नहीं उठा सकते, माताजी. ऑर्डर है. डॉक्टर संस्थावालों का है. उधर स्कूल में बोलो."

चंपाजवळ शेजारच्या मनूच्या आईला बसवलं आणि मी बोटीत चढले. सुटका करून घ्यायला नाही, भांडायला.

शाळा चढावर आहे, तिथे पाणी नव्हतं. फाटकाशी दोन बोटी. पटांगणात मांडवाखाली टेबल, टेबलाच्या एका बाजूला 'साथसेतू' संस्थेची निळी जाकिटं, दुसऱ्या बाजूला लष्कराचे सुभेदार. निळ्या जाकिटातली एक डॉक्टर पोरगी, अवनी, औषधांची बॅग मांडीवर घेऊन बसलेली. डॉक्टर बसलेली, बोट बांधलेली, मध्ये दहा पावलं.

संस्थेचा मुख्य हितेंद्र म्हणून होता. मी सगळं सांगितलं. त्याने टॅबवर बोट फिरवलं.

"आजी, बावीस व्हेकंट दाखवतंय."

"दाखवू दे. बाई आत बसलीय."

"काल आमची आणि लष्कराची अशा दोन याद्या होत्या. एका बिल्डिंगमध्ये बोट दोनदा गेली, पलीकडच्या चाळीत गेलीच नाही. म्हणून आज एकच यादी. नाव ॲड करायचं तर जॉइंट मीटिंगमध्ये. चार वाजता."

बारा वाजले होते.

"चार वाजेपर्यंत तिला श्वास घेऊ नको म्हणून सांगू का?"

तेवढ्यात मागून एक मुलगी पुढे आली. अनुजा. मे महिन्यात हीच टॅब घेऊन चाळीत दारोदार फिरली होती. हळूच म्हणाली, "आजी, बावीस रिकामी आहे हे तुम्हीच मला सांगितलं होतंत."

सांगितलं होतं मी. चाळ पाडून टॉवर व्हायचाय. दहा वर्षं जो कोणी कागद घेऊन आला आणि 'इथे कोण राहतं' विचारून गेला, तो खोल्यांसाठीच आला. ही पोरगी पुरातल्या बोटींसाठी माणसं मोजतेय हे मला कुठून कळणार? चंपाने बावीस नंबर कधीच बिल्डरच्या ताब्यात दिलाय. तिच्या मुलाला, धम्मपालला, संक्रमण शिबिरात सातव्या मजल्यावर जागा मिळाली. लिफ्ट बंद. आठवड्यातून तीनदा परळला डायलिसिस. म्हणून ती आपल्याच सोडलेल्या खोलीत चोरासारखी येऊन राहिली. कळलं तर शिबिरातली जागा जाणार, पुढचं घरही लटकणार.

आणि बिल्डरच्या ऑफिसातला वरद तिथेच पाण्याच्या बाटल्या वाटत उभा होता. कान इकडेच.

मी त्याच्याकडे बघूनच बोलले. "खोटं सांगितलं मी. बावीसमध्ये चंपा राहते. वर्ष झालं. आता लिही."

वरदने बाटली खाली ठेवून मोबाइल काढला. काढ मेल्या.

सुभेदार कराडकडचे असावेत, बोलण्यावरून वाटलं. ते उठले. "माणूस आहे ना? मग मीटिंग कसली? बोट तयार आहे. डॉक्टर द्या."

हितेंद्र म्हणाला, "डॉक्टर तुमच्या बोटीत बसणार नाहीत. आमची पॉलिसी आहे. युनिफॉर्मवाल्यांबरोबर आमचा स्टाफ प्रवास करत नाही. तुम्ही पेशंटला इथे आणा, आम्ही बघतो."

"आजाऱ्याला डॉक्टरशिवाय हलवायची मला परवानगी नाही. वाटेत काही झालं तर? आणि माझ्या पोरांकडे काठीसुद्धा नाही हो, बंदूक लांबच."

"प्रश्न बंदुकीचा नाही. जिथे लढाई चालते तिथे आमच्यावर दोन्ही बाजूंनी विश्वास ठेवायला हवा."

असेल. कुठल्या तरी देशात ते खरं असेल, त्यावर माणसांचे जीवही वाचत असतील. पण नायगावात कोण कोणाशी लढत होतं? पाण्याची दुसरी बाजू कुठली? दोघंही एकमेकांना 'सर, सर' म्हणत होते. चहा एकाच किटलीतून घेत होते. माझ्या अंगाची लाही झाली.

मी टेबलावरचा कोरा कागद ओढला. माझं अक्षर मोठं आणि वाकडं आहे, विहारातल्या वर्गात पन्नाशीनंतर गिरवलेलं. वेळ लागला. कोणी थांबवलं नाही. लिहिलं आणि मोठ्याने वाचलं:

"चंपा, खोली बावीस. बुधवारी दुपारी डॉक्टर होती. बोट होती. दोघांना माहीत होतं. गेले नाहीत."

कागद दोघांच्या मध्ये ठेवला. "करा सह्या. इंग्रजीत केल्या तरी चालतील."

सुभेदार खाली बघत राहिले. हितेंद्र म्हणाला, "आजी, असं इमोशनल होऊन..."

"सही कर रे. पॉलिसी आहे ना? मग घाबरतोस कशाला?"

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. डॉक्टर पोरीने निळं जाकीट काढून हितेंद्रसमोर ठेवलं आणि बॅग खांद्याला लावली. "सर, मी सुट्टीवर आहे," म्हणाली आणि फाटकाकडे निघाली. सुभेदारांनी तिच्या आधी धावत जाऊन बोटीचा दोर सोडला.

ऑर्डर मोडली दोघांनी. तेवढं मोडायला पाऊण तास गेला होता.

चंपाला बोटीने पुलापर्यंत आणलं, तिथून पुढे गाडी जात होती. दीडच्या सुमाराला चंपाला परळच्या इस्पितळात मशीनवर घेतलं. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर हृदय थांबलं असतं. तासाभराने तिला बोलता यायला लागलं. पहिला प्रश्न काय?

"वरदसमोर बोललीस तू?"

"बोलले."

"माझ्या पोराचं घर घालवलंस, मालन." तिने तोंड फिरवलं. नळ्या लावलेला हात मात्र हलवता येत नव्हता.

खरं होतं. बाहेर व्हरांड्यात आले आणि धम्मपालला फोन लावला. वरदच्या तोंडून कळण्याआधी माझ्या तोंडून कळावं. आई वाचली हे आधी सांगायचं की घराचं, एवढंच ठरत नव्हतं.