चिठ्ठी कोरी निघाली

समज, तुझ्या हातात एक गोष्ट आहे, पण ती पुढे कुठे जाणार हे तुलाच ठाऊक नाही. रोज सकाळी शाळेची बाटली भरून झाली की तू पाच ओळी लिहितोस. सहावी सुचली, तरी ती उद्यासाठी ठेवतोस. असं करून बघितलं आहेस कधी? नसलं तरी आत्ता मनात करून बघ, म्हणजे अवनीचं कुठे अडलं ते कळेल.

अवनी सहावीत होती. कोथरूडमधल्या त्यांच्या सोसायटीत जिन्याजवळ काचेचा फलक होता. त्यावर दर रविवारी मुलांचं भित्तिपत्रक लागायचं. डाव्या कोपऱ्यात अवनीची गोष्ट असायची. कसबा पेठेतले एक म्हातारे तांबट, सर्जेराव, यांच्याकडे पोचे काढायला आलेल्या जुन्या हंड्यात एक बंद चिठ्ठी सापडते आणि ती कुणाची हे विचारत ते दारोदार फिरतात, अशी ती गोष्ट होती. दर रविवारी एक दार. तिच्या रोजच्या पाच ओळींतून काटछाट करून आठवड्याला दहा-बारा उरायच्या आणि त्यांच्याखाली ती ‘क्रमशः’ लिहायची. पाच रविवार असे गेले होते.

मग नववीतला केयूर संपादक झाला. फलकाची चावीही त्याच्याकडे आली.

“अवनी, तुझ्या कोपऱ्यात नुसता पांढरा कागद दिसतो,” तो म्हणाला. “या शनिवारपासून दोन पानं. सहाच्या आत. जमणार नसेल तर आत्ताच सांग, आमोद बुद्धिबळाची कोडी द्यायला तयार आहे.”

“जमेल,” अवनी म्हणाली. जमणार नाही हे तिला तेव्हाच कळलं होतं.

गुरुवारपर्यंत काटछाट करून अकरा ओळी उरल्या. सर्जेराव सहाव्या दारापाशी पोचले आणि त्यांनी कडी वाजवली. शुक्रवारी अवनी ओळी लिहिण्याऐवजी मोजत बसली. शनिवारी दुपारी तिनं अक्षर मोठं केलं, समास वाढवला, तरी पहिलं पान भरेना. वरण-भात तसाच राहिला. आईनं विचारलं, “बरं वाटत नाही का?” ती पुन्हा ओळी मोजू लागली. घड्याळात पाच वाजले आणि तिला काहीच सुचेना. मग तिनं लेखणी नुसती पळवली. दार उघडलं, माणसं आली, भांडली, रडली. साडेपाचला दुसऱ्या पानाच्या तळाशी चिठ्ठी उघडण्यापलीकडे काही उरलं नाही. आत काय लिहायचं? तिनं लिहिलं, ‘चिठ्ठी कोरी निघाली. समाप्त.’

केयूर खूश झाला. “हे बघ, मनात आणलं की होतं.”

रविवारी सकाळी तळमजल्यावरच्या विमलाबाई भाजीची पिशवी घेऊन फलकापाशी थांबल्या. त्या कुणी ऐको न ऐको, मोठ्यांदा वाचत. अवनी जिन्यात उभी होती. वाचून झाल्यावर विमलाबाईंनी चष्मा पुसला.

“कोरी?” त्या म्हणाल्या. “म्हणजे तो म्हातारा पाच रविवार उन्हातान्हातून कोरा कागद घेऊन हिंडला होय? घरी बसून हंडे ठोकले असते तर बरं झालं असतं.”

अवनीचे कान तापले.

“काकू, दोन पानं आहेत बघा,” केयूर म्हणाला.

“मोजली मी. माझा वाण्याचा हिशेबही एवढा लांब नसतो,” असं म्हणून त्या घरात गेल्या.

केयूर अवनीकडे वळला. “जाऊ दे. तशीही गोष्ट संपली ना? पुढच्या रविवारपासून जागा आमोदला देतो.”

संपली. तो शब्द तिनंच लिहिला होता, स्वतःच्या हातानं. सर्जेराव आता कुठेही जाणार नव्हते.

“चावी दे,” ती म्हणाली.

“कशाला?”

“चूक राहिली आहे एक.”

“शुद्धलेखनाची?”

“नाही. मोठी आहे.”

केयूरनं कपाळाला आठ्या घालत चावी दिली. अवनीनं दोन्ही पानं काढली आणि घरून कात्री आणली. जिन्याच्या पायरीवर बसून तिनं गुरुवारची अकरावी ओळ शोधली आणि तिच्याखाली कागद आडवा कापला. कड जरा वाकडी झाली.

“अगं, एवढंच लावणार?” केयूर म्हणाला. “आणि पुढच्या शनिवारी दोन पानं नसली तर?”

कोपरा जाईलही, असं तिला वाटलं. तरी तिनं वरच्या तुकड्याखाली ‘क्रमशः’ लिहिलं, चार टाचण्या लावल्या, फलकाला कुलूप घातलं आणि चावी केयूरच्या हातात ठेवली. मग घरी जाऊन वही उघडली आणि सहाव्या दाराची कडी आतून कोण काढतंय, ते ऐकत बसली.