पत्र्याच्या मुकुटाला बसलेला धक्का

मी मुकुट बोलतोय. पत्र्याचा आहे, पण ऐट सोन्याची! आत्ता जर्मनीत, हॅनोव्हरच्या मराठी मंडळाच्या मेकअपच्या खोलीत आहे आणि मला जबर धक्का बसलाय. पण आधी माझं घराणं ऐका.

माझा जन्म दक्षिण ब्राझीलमधला. गुलामगिरी कायद्याने संपली होती, तरी गोऱ्यांच्या क्लबात काळ्या माणसांना मज्जाव होता. मग त्यांनी पदरमोड करून स्वतःचा क्लब काढला. तिथे बँड होता, वाचनालय होतं, मोठ्यांसाठी शाळाही होती. दरवर्षी क्लबची राणी निवडायचे आणि मी तिच्या डोक्यावर चढायचो. केवढा अभिमान वाटायचा मला!

हळूहळू माझ्या लक्षात आलं. राणी व्हायची ती दरवेळी त्यातल्या त्यात उजळ मुलगी. माझं मखमली अस्तर शिवणारी बेनेदिता सगळ्यांत सुंदर नाचायची, पण रंगाने गडद. तिचं नाव कधी पुकारलंच नाही. अहो, रंगावरून हाकलून दिलेली माणसं ही! त्यांनीही रंगच बघावा? मी हबकलोच.

क्लब बंद पडल्यावर मी बेनेदिताच्या घरी आलो. तिची पणती लुसिया इथे इंजिनियर आहे, तिने मला सोबत आणलं. तिच्याच ऑफिसातल्या साधनाताईंची आठ वर्षांची उर्जा आज गणपतीच्या नाटकात राणी झालीये, म्हणून लुसियाने मला हौसेने दिलं. तिच्याकडून माझी कहाणी ऐकून साधनाताईंचे डोळे भरून आले. "बाई गं, आपल्याच माणसांत असं?" म्हणाल्या. मला त्या फार आवडल्या.

आणि आत्ता, पडदा उघडायच्या बेतात असताना, मंडळाच्या शोभनाकाकू म्हणाल्या, "साधना, पावडरचे अजून दोन हात मार गं. राणी जरा उजळ नको का दिसायला?"

"हो ना काकू, उन्हात खेळून पार काळवंडलीये." साधनाताईंनी पफ उचलला.

मी गारच पडलो. लुसियाला मराठी येत नाही, पण तो पफ तिला बरोबर कळला. फोटोसाठी वर धरलेला मोबाइल तिने खाली घेतला.

उर्जा आरशात बघत होती. तिने मला डोक्यावरून काढलं आणि शेजारी दासी होऊन बसलेल्या स्वानंदीपुढे धरलं. जर्मनमध्ये म्हणाली, "मग तूच घाल हा. तू आधीपासूनच गोरी आहेस."

बाहेर घंटा झालीये. मी अजून पोरीच्या हातात आहे. साधनाताई, विनवतो तुम्हाला, तो पफ खाली ठेवा आणि मला पुन्हा तिच्या डोक्यावर चढवा. इतक्या वर्षांत सावळी राणी मला आज पहिल्यांदाच मिळाली होती.