बावीस बहार

संत्र्याच्या बागेची मालकीण आणि संत्रं खात नाही, असं कोणी सांगितलं तर नांदगाव खंडेश्वराकडचे लोक हसतील. पण सुभद्रानं बावीस वर्षांत एक फोडसुद्धा तोंडात घातली नव्हती. लग्नाला पाच वर्षं होऊनही घरात पाळणा हलला नाही, तेव्हा अमरावतीला अंबादेवीपुढे तिनं नवस केला होता: मूल झालं की तुला हिरवं लुगडं नेसवीन, तोवर संत्रं वर्ज्य. बाईला दुसरं काही सुचलं नाही. जे सगळ्यात आवडायचं तेच देऊन बसली.

नवरा चंद्रभान देवमाणूस, पण जिभेपुढे कोणाचं चालतं? तो विहिरीमागे लपून संत्रं खायचा, सालं मातीत पुरायचा आणि मातीनंच हात घासायचा. तरी जेवायला वाढताना त्याच्या बोटांना वास यायचाच. सुभद्रा बोलायची नाही. त्या वासासाठी ती ताटाजवळ जरा जास्तच रेंगाळायची. जीव कासावीस व्हायचा. संत्र्यासाठी की मुलासाठी, ते तिचं तिलाही कळायचं नाही.

आता पाळी थांबूनही दोन वर्षं झाली होती. नवस फळणार नाही, हे कोणी वेगळं सांगायला नको होतं. यंदा तर फांद्यांना बांबूचे टेकू द्यावे लागले, इतकी झाडं लगडली. तिला ते बघवेना.

"कोनासाठी करून राहिलो आपन हे?" ती म्हणाली. "तोडून टाका सारी बाग."

चंद्रभाननं एका फांदीचा सरकलेला टेकू नीट बसवला आणि तो घराकडे निघाला.

तो गेल्यावर ती झाडाखाली बसून राहिली. वर एक राघू संत्रं फोडून खात होता. अर्धं खाल्लं, अर्धं टाकलं, उडून गेला. ना नवस, ना उपास. ते अर्धं फळ तिच्या पुढ्यात पडलं. तिला आधी राग आला, मग रडू आलं. देवीनं मूल दिलं नाही, खरंच. पण दरवर्षी ही झाडं कोणी लगडवली? आपणच कधी हात पुढे केला नाही.

दुसऱ्या दिवशी हिरवं लुगडं घेऊन ती एकटीच एसटीनं अमरावतीला गेली.

देवळातल्या गोपाळकृष्ण गुरुजींनी लुगडं बघून कौतुकानं विचारलं, "नवस फेडायचा का? नातू झाला की नात?"

"काईच नाई झालं, महाराज."

"अहो, मग नवस कसा फिटेल?"

"फेडाले नाई आली. लेक मायले लुगडं नेते, तवा काई मागून नेते का? मागनं सोडलं मी. तिनं ठेवलं तशी राहीन. तिले माह्यापेक्षा जास्त समजते."

गुरुजींनी लुगडं देवीच्या पायाशी ठेवलं. सुभद्रा पोटभर रडली. रडणं थांबलं तेव्हा मागायचं काही आठवेना, आणि कितीतरी वर्षांनी तिला हलकं वाटलं.

परतल्यावर ती थेट बागेत गेली. तिची चाहूल लागताच चंद्रभान विहिरीमागून हात झटकत घाईघाईनं आला.

"कुठं गेलती वं?"

तिनं एक संत्रं तोडलं, सोललं आणि फोड तोंडात घातली. डोळे आपसूक मिटले. मूल अजूनही हवंच होतं. ती ओढ काही देवळात ठेवून येता आली नव्हती. पण संत्रं गोड होतं, आणि ते तिच्यासाठीच होतं.

"सुभद्रा, नवस..." चंद्रभान घाबरून म्हणाला.

तिनं उरलेलं संत्रं त्याच्या मातकट हातावर ठेवलं.

"घ्या, माह्यासमोर खा आता. बावीस वर्षं झाले, माती चोळून राहिले हाताले."