कुणाचंच नाव न घेणारी बैठक

रोझॅन डफीचे वडील संध्याकाळी स्वयंपाकघरात पडले आणि सकाळपर्यंत तिथेच फरशीवर होते. शेजारीण कुत्र्याला फिरवून परत येत होती, तिला खिडकीतून त्यांचा पाय दिसला म्हणून निभावलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. गळ्यात लॉकेट होतं. माणूस पडला की आपोआप मदतीला फोन लावणारं हे लॉकेट रोझॅनच्याच कंपनीने बनवलेलं, आणि वाढदिवसाला तिनेच ते त्यांच्या गळ्यात घातलेलं. त्याला साधं बटणसुद्धा नव्हतं. आमच्या लॉकेटला सगळं आपलं आपण कळतं, ही कंपनीची मोठी मिजास. त्या शहाण्या लॉकेटने रात्रभर कुणाला काही कळवलं नाही.

आठवड्याने कंपनीच्या सनीव्हेलमधल्या ऑफिसात, काचेच्या खोलीत, या प्रकाराची चौकशी बसली. रोझॅन ती ऐकत होती आणि तिचं डोकं तापत चाललं होतं.

चौकशी तरी कसली! या धंद्यात तिची एक खास रीत आहे. काही बिघडलं की सगळ्यांनी टेबलाभोवती बसायचं, काय काय घडलं ते क्रमाने सांगायचं, पण नाव कुणाचंच घ्यायचं नाही. माणूस चुकत नाही, व्यवस्था चुकते, असं धरून चालायचं. रीत मुळात वाईट नव्हती. घाबरलेला माणूस चूक दडवून ठेवतो, म्हणून ती निघाली, आणि एके काळी रोझॅननेच ती या कंपनीत हट्टाने आणली होती. पण तेव्हा फरशीवर तिचा बाप पडलेला नव्हता.

"लॉकेटं उगाच फोन करतात अशा तक्रारी वाढल्या होत्या," बैठक चालवणारी मेय सांगत होती. "कुणी वाकून बूट बांधले तरी फोन. म्हणून एक बदल झाला. धक्क्यानंतर माणूस हलताना दिसला, तर तो ठीक आहे असं लॉकेटने समजायचं."

"म्हणजे माझे वडील दाराकडे सरकायला धडपडत होते," रोझॅन म्हणाली, "तेव्हा दर वेळी लॉकेट म्हणत होतं, वा, म्हातारा मजेत आहे."

एकाने रिकामा कप उगाच तोंडाला लावला.

"हे कुणी ठरवलं?"

"रोझॅन, नावं नकोत ना," मेय हळूच म्हणाली.

नाव सगळ्यांना ठाऊक होतं. टोबी क्रेन, त्यांचा साहेब, तिच्या समोरच बसला होता. वर्षाच्या मेळाव्यात यानेच व्यासपीठावर छाती फुगवून सांगितलं होतं, मी ठरवलं, लॉकेटची बडबड बंद करायची. तेव्हा टाळ्या पडल्या होत्या आणि त्या टाळ्या त्याने स्वतःच्या नावावर मुकाट्याने घेतल्याही होत्या.

आता तो खुर्चीत मागे रेलला. "खरं सांगू का रोझॅन? 'कुणी ठरवलं' हा प्रश्नच चुकीचा आहे. ठरवणारा असा कुणी नसतोच."

रोझॅनला पुढचं तोंडपाठ होतं. दर गुरुवारी जेवणाच्या टेबलावर त्याचं हेच पुराण लागायचं. हे जग म्हणजे कुठल्या तरी प्रचंड कम्प्युटरवर चाललेला खेळ, आपण त्यातली पात्रं, आणि आपण काही निवडतो हा आपला निव्वळ भ्रम. बुरिटो खाता खाता ते ऐकायला बरं वाटायचं. तीसुद्धा हसून वाद घालायची.

"मागची सगळी परिस्थिती तीच असती," टोबी म्हणाला, "तर तू काय नि मी काय, दुसरं काही केलंच नसतं. हे असंच व्हायचं होतं."

"मागच्या महिन्यात तुझ्या गाडीच्या चार्जिंगच्या जागेवर कुणी तरी गाडी सोडून गेलं, तेव्हा हे कुठे गेलं होतं रे? तेव्हा तू अख्ख्या ऑफिसला पत्र पाठवलंस. त्यात नाव होतं. गाडीचा नंबरही होता."

दोघं-तिघं खाली मान घालून हसले. टोबी हसला नाही. "ती वेगळी गोष्ट आहे."

"हो, ती गाडी होती. हा माझा बाप आहे."

मेयने घाईघाईने पुढचं वाचायला घेतलं. "बदल नियमाप्रमाणेच गेला. दुसऱ्या एका सहकाऱ्याने तो तपासून मंजूर केला, रविवारी सकाळी."

रोझॅन पुढे काही बोलणार होती, ती थांबली. रविवार सकाळ. वडिलांचं स्वयंपाकघर, तेच टेबल, ताटात पॅनकेक. ते काही तरी सांगत होते, हातवारे करून, आणि तिचा फोन वाजला होता. टोबीने बदल पाठवला होता, जरा बघ म्हणून. तिने एका हाताने सिरप ओतलं आणि दुसऱ्या हाताने मंजुरीचं अंगठ्याचं चित्र दाबून मोकळी झाली. वाचलं नाही. साहेबाचं काम वाचत कोण बसतं? इथे सगळे असेच अंगठे देतात.

तो दुसरा सहकारी म्हणजे ती स्वतःच. वर पाहिलं तर टोबी तिच्याचकडे बघत होता. त्याला माहीत होतं. सुरुवातीपासून माहीत होतं.

"म्हणूनच नावं नकोत," तो मायेने म्हणाला. "तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या जागी कुणीही तेच केलं असतं. तू केलंस असं नाहीच ते."

आठवडाभर तिला राग येतच होता, पण असा नाही. तो खोटा असता तर परवडलं असतं. तो तिला खरोखर सोडवायला निघाला होता. तिच्या हातून तिचा हातच काढून घेत होता, आणि तोही प्रेमाने.

"मला मोकळं करणारा तू कोण?" ती उठून उभी राहिली. "फोन माझा, अंगठा माझा. मी वाचू शकत होते. तिथे बसून मला वाचता येत होतं आणि मी वाचलं नाही. हे माझं आहे, टोबी. आणि तुझं तू घे. मेय, लिही. टोबी क्रेनने ठरवलं आणि रोझॅन डफीने न वाचता जाऊ दिलं."

मेयची बोटं कीबोर्डवर तशीच राहिली. तिने टोबीकडे पाहिलं. टोबी टेबलाकडे बघत होता, आणि त्याच्या तोंडून 'मी' हा शब्द निघाला नाही. रोझॅनने जरा वाट पाहिली, मग बॅग उचलली आणि चालती झाली.

तिचे वडील, विल्बर डफी, शुश्रूषागृहात खिडकीपाशी पडून होते. उभा जन्म त्यांनी बेसबॉलच्या छोट्या छोट्या मैदानांवर अंपायर म्हणून काढला होता. टीव्हीवर सामना चालू होता. रोझॅनने तो बंद केला आणि खुर्ची ओढून सगळं सांगितलं, लॉकेटचं, टोबीचं, आणि शेवटी स्वतःचं.

म्हातारा म्हणाला, "तो टोबी काय म्हणतो, कुणी केलंच नाही?"

"हो. सगळं आधीच ठरलेलं असतं म्हणे."

"मी चुकून कुणाला बाद दिलं की लोक माझ्या आईचा उद्धार करायचे. गाडीची काच फोडलीय माझ्या. पण बाद आपोआप झाला असं एकही शहाणा म्हणाला नाही. तेवढा मान ठेवायचे." ते धापा टाकायला लागले. "आणि तू. तू माझ्या टेबलावर बसून केलंस हे."

"हो डॅड."

"मला राग आलाय तुझा, नोरी." ते तिला लहानपणी म्हणायचे तसं म्हणाले, पण आवाजात लाड नव्हता. "फार राग आलाय. त्या फरशीवर मी तुला हाका मारल्या."

रोझॅनने मान खाली घातली. लागलं, अगदी आत लागलं. पण आठवड्यात पहिल्यांदाच कुणी तरी तिला काही करू शकणारं माणूस धरून बोलत होतं, आणि त्यासाठी तिला त्यांचे पाय धरावेसे वाटले.

"एक सांग," ते म्हणाले. "त्या रविवारी मी तुला काय सांगत होतो?"

तिने आठवून पाहिलं. हातवारे आठवले. सिरपची बाटली आठवली. एक शब्द आठवला नाही.

"माहीत नाही. मी ऐकत नव्हते."

विल्बरनी डोळे मिटून घेतले. ती निघायला उठली, तेव्हा त्यांनी तिची बाही पकडली.

"फोन बाहेर ठेवून ये," ते म्हणाले. "पहिल्यापासून सांगतो."